टी पेशी, हाजिर हो!

"कुणाची पेशी? आज तर कोर्टाला सुट्टी आहे," पट्टेवाला म्हणाला.

दवाखान्यात पेशींबद्दल समजावून सांगणाऱ्या डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. उभा जन्म कोर्टाच्या दारात पक्षकारांची नावं पुकारण्यात गेलेला माणूस; पेशी म्हटलं की त्याला तारीखच आठवणार!

"ती नाही हो काका, रक्तातली. टी पेशी. गोळीने तुमचा रक्ताचा कॅन्सर इतका दबलाय, की तपासणीत सापडत नाही. आता गोळी थांबवून बघू. उरलंसुरलं काही असेल, तर या पेशी ओळखून मारतात."

"आणि नाही ओळखलं तर?" बायकोने विचारलं.

"निम्म्या लोकांत आजार डोकं वर काढतो. मग गोळी पुन्हा सुरू. बहुतेक वेळा परत आटोक्यात येतो. दर महिन्याला रक्त मात्र तपासायचं."

बायकोचा जीव टांगणीला लागला. इतकी वर्षं जेवणानंतर तिनेच त्याच्या हातावर गोळी ठेवली होती. नवऱ्यापेक्षा तिचा गोळीवरच विश्वास जास्त. घरी येताच ती म्हणाली, "चाललंय त्यात काय वाईट आहे?"

"पायात गोळे येतात. मळमळतं. पुकारताना निम्म्यात दम जातो, साहेब दुसऱ्याला पाठवतात. अगं, मला माझा आवाज परत हवाय."

हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं. तिने गोळ्यांची डबी कपाटात ठेवून दिली. मग म्हणाली, "पण तुमच्या त्या पेशी वेळेवर येतील ना?"

"न येऊन सांगतात कुणाला!" असं म्हणून पठ्ठ्या स्वयंपाकघरात ताठ उभा राहिला आणि ओरडला, "टी पेशी, हाजिर हो!"

"हळू! शेजारी वेड्यात काढतील."

रोज जेवण झालं की हाच तमाशा. ती कपाळाला हात लावायची. एकदा मात्र तो जेवून तसाच उठला, तर तीच चिडली, "अहो, आज पुकारलं नाहीत!"

महिन्यामागून महिने अहवाल चांगले येत गेले. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता तीन महिन्यांनी या. तुमच्या पेशी कामाला चोख आहेत." बायकोला इतका आनंद झाला, की दवाखान्यातून निघताना ती चप्पलच विसरली.

दुसऱ्या दिवशी तो जेवणाचा डबा घरीच विसरून गेला. ती घेऊन निघाली. कोर्टाच्या फाटकात पोचते तोच आतून त्याचा आवाज आला. खणखणीत, शेवटच्या अक्षरापर्यंत. झाडाखाली बसलेला कुणी परका माणूस आपलं नाव ऐकून लगबगीने आत धावला.

ती डबा छातीशी धरून तिथेच उभी राहिली, पुढचं नाव ऐकायला.