लागत नाही म्हणे!

मित्रांनो, कोथरूडमधल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बैठकीत, टीव्हीच्या वरच्या खिळ्याला एक जुना चाबूक तेरा वर्षं टांगलेला होता. तो मीच. माझ्याखाली एका घोडीचा फोटो होता. येणारा प्रत्येक पाहुणा आधी फोटो बघायचा, मग मला बघायचा आणि मग ठरलेला प्रश्न विचारायचा, "अहो, पण घोड्याला लागत असेल ना हो?" घरमालक सलिलराव हसून ठरलेलं उत्तर द्यायचे, "छे! घोड्याची कातडी जाड असते. त्याला लागत नाही."

तेरा वर्षं हे ऐकून माझे कान किटले. मला कान नाहीत हे मला ठाऊक आहे, पण किटले. म्हणून आज सगळं सांगून टाकतो.

माझा जन्म एक्याण्णव सालचा. देशाचे दरवाजे बाहेरच्या मालाला उघडले, असं सगळीकडे बोललं जात होतं ते वर्ष. मी मात्र अस्सल इथला माल. कसबा पेठेत दशरथ नावाचे कारागीर लगाम आणि पट्टे शिवायचे. त्यांनी बुरूड आळीतून एक लवचीक वेत आणला, त्यावर चामड्याच्या बारीक पट्ट्या विणल्या आणि टोकाला दोन बोटं रुंद चामड्याची जीभ शिवली. काम झाल्यावर त्यांनी मला हवेत एकदा फिरवलं. सूं असा आवाज आला आणि गल्लीतलं कुत्रं उठून पळालं. खरं सांगतो, तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मला बनवून घेतलं होतं महिपती नावाच्या जॉकीने. शर्यतीत घोड्यावर बसतो तो जॉकी. हे महिपतीमामा येरवड्याला राहायचे, सायकलवरून रेसकोर्सवर यायचे, आणि त्यांची एक पद्धत होती. शर्यतीआधी घोड्यावर बसण्यापूर्वी ते मला स्वतःच्या मांडीवर एकदा सपकन मारून घ्यायचे. अगदी जोरात. चेहरा कसनुसा व्हायचा, मग ते घोड्यावर चढायचे. बाकीचे जॉकी हसायचे. मामांवर काही परिणाम नाही.

त्यांच्या हातात मी दहा वर्षं होतो, आणि त्या दहा वर्षांत मी घोड्याच्या अंगाला फारसा लागलोच नाही. मामा मला नुसता दाखवायचे. घोड्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेन असा पुढे धरायचे, की घोडा पाय उचलायचा. कितीतरी शर्यती आम्ही अशा जिंकल्या. हरलोही पुष्कळ. हरल्यावर मामा घोड्याची मान थोपटून घरी जायचे.

पुढे मामांची कंबर गेली. त्यांनी मला आपल्या भाच्याला दिलं. सुदर्शन त्याचं नाव. पोरगा हुशार, हाताने हलका, आणि मोठं व्हायची घाई झालेला. मला देताना मामा त्याला म्हणाले, "आदी स्वतःला, मग जनावराला. आन् दाखवून बी घोडं पुढं गेलं न्हाई, तर समज, त्याच्यापाशी काय उरलं न्हाई. मग मारून कुणाकडं मागतोस?"

सुदर्शनने मान डोलावली. चार-सहा महिने त्याने ते पाळलंही. मग रेसकोर्सवर टीव्हीचे कॅमेरे आले, मोठमोठ्या पडद्यावर जॉकी दिसायला लागले, आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या मांडीवर चाबूक मारून घ्यायची त्याला लाज वाटायला लागली. त्याने ती पद्धत सोडली. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही, हे कबूल करतो.

दोन हजार तीन साली आमच्या वाट्याला हिरा आली. कागदोपत्री तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण पागेत सगळे हिराच म्हणायचे. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभावाने गरीब गाय. तिचे मालक चार मित्र. चौघेही सॉफ्टवेअरवाले, कंपनी नुकतीच बाळसं धरलेली. त्यातले एक आपले सलिलराव. त्यांची नऊ वर्षांची मुलगी स्पृहा दर रविवारी हिरासाठी डब्यात गाजरं घेऊन यायची. हिरा डब्याचा आवाज ओळखायची.

त्या सप्टेंबरात मोठी शर्यत होती. शेवटच्या वळणानंतर हिरा दुसरी होती. सुदर्शनने मला दाखवलं. ती पुढे गेली नाही. पुन्हा दाखवलं. तिने कान मागे टाकले, पुढचा उजवा पाय किंचित आखडता घेतला. मामा असते तर त्यांनी मला तिथेच खाली केलं असतं. सुदर्शनने मला उचललं आणि मारलं.

एक. दोन. पाच. मी मोजत होतो, दुसरं काय करणार? मला थांबता येत नाही, मित्रांनो. वेताला वाकता येतं, नाही म्हणता येत नाही. चौदा फटके बसले आणि हिरा मानेएवढ्या अंतराने जिंकली. लोक नाचत होते. फोटोत सुदर्शनने मला उंच धरलंय, सलिलरावांनी लगाम धरलाय, आणि हिराचा एक पाय जमिनीला नीट टेकलेला नाही. तो फोटो भिंतीवर तेरा वर्षं होता. तो पाय कुणाला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पृहा शाळा बुडवून गाजरं घेऊन आली. हिराच्या मांडीवर वळ उठले होते, बोटाला लागतील असे. स्पृहाने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे काय? सलिलराव म्हणाले, काही नाही गं, घोड्याला लागत नाही. तेवढ्यात हिराच्या पाठीवर एक माशी बसली. हिराची कातडी तिथल्या तिथे थरथरली आणि माशी उडाली. स्पृहाने ते बघितलं. मग तिने सुदर्शनकडे वळून विचारलं, "लागत नाही, तर मारता कशाला?"

सलिलराव म्हणाले, तुला नाही कळायचं. वा! नऊ वर्षांच्या पोरीला कळलेली गोष्ट मोठ्या माणसांना कळत नाही, आणि म्हणायचं काय, तर तुला नाही कळायचं.

मग महिपतीमामा आले. वाकता येत नव्हतं, तरी भिंतीला धरून खाली बसले आणि हिराचा पाय चाचपला. गुडघ्याखाली सूज होती. पायातली शीर फाटली होती. ती आळस करत नव्हती हो, तिला कळ येत होती. ती पळू शकत नाही हे ती परोपरीने सांगत होती, आणि उत्तर म्हणून आम्ही चौदा वेळा पळ म्हणालो. मामांनी भाच्याला एकच विचारलं, "काल स्वतःला मारलं हुतंस का?"

तो नाही म्हणाला. मामा उठले आणि सायकल हातात धरून चालत निघून गेले. तिथे पाण्याच्या बादलीपाशी गाजराचा डबा घेऊन स्पृहा उभी होती. तिने हे ऐकलं.

हिरा पुन्हा पळाली नाही. महिन्याभराने ती ट्रकमधून गेली. कुठे, ते स्पृहाने विचारलं तेव्हा शेतावर असं सांगितलं गेलं. कुठलं शेत, ते कुणालाच सांगता येईना. सलिलरावांनी आठवण म्हणून मला मागितलं आणि सुदर्शनने झटकन देऊन टाकलं. हातातला निखारा द्यावा तसं.

पुढे मऊ चाबूक निघाले, टोकाला गादी लावलेले. किती फटके मारायचे याचेही नियम आले. सलिलरावांच्या उत्तरात भर पडली, "आता तर अजिबातच लागत नाही." गादी लावली म्हणून फटका काय झोपायला जातो? आणि अमुकच फटके मारा असा नियम करावा लागला, याचा अर्थ काय? पण मी भिंतीवरची शोभेची वस्तू. शोभेच्या वस्तूने तोंड उघडायचं नसतं. दोष मात्र माझ्या नावावर. पाहुणे म्हणायचे, काय क्रूर दिसतो हो हा चाबूक! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. संन्यासी मी नव्हे, चौदा फटके माझेच होते. पण हात माझा नव्हता.

मग दोन हजार सोळा सालचा एक रविवार. स्पृहा आता बावीस वर्षांची, हिंजवडीच्या कंपनीत नुकतीच लागलेली. सलिलरावांचे मित्र दिग्विजय आले. दोघे मिळून नवी घोडी घेणार होते, दुपारी कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. चहा घेता घेता दिग्विजय म्हणाले, हिराचा चाबूक शकुनाचा आहे, नव्या जॉकीला तोच देऊ. आणि सलिलरावांनी खुर्चीवर चढून मला खाली काढलं.

मित्रांनो, मी घाबरलो. पुन्हा तेच? पुन्हा एखादी हिरा, पुन्हा ती मोजदाद?

स्पृहा आतून आली. तिने बाबांच्या हातातून मला काढून घेतलं. वाद नाही, आरडाओरडा नाही. डावा तळहात पुढे केला आणि उजव्या हाताने मला त्यावर मारलं. जोरात, मामा मारायचे तसं. दिग्विजयांचा कप बशीवर आपटला. तिच्या तळहातावर लाल वळ उठला, डोळ्यांत पाणी आलं. मी तेव्हा मेल्याहून मेलो.

"आता तुमचा हात," ती म्हणाली. "एकच. लागत नाही ना, बाबा?"

सलिलराव हसले. हसत हसत त्यांनी हात पुढे केला. तिने मला उचललं. मी अजून हवेतच होतो, आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला.

स्पृहाने मला हळूच खाली केलं. "हिराला अंग मागे घेता आलं नाही," ती म्हणाली.

सलिलरावांनी तिच्या तळहाताकडे बघितलं. मग फोटोकडे बघितलं. अगदी जवळ गेले, चष्मा वर केला आणि त्या टेकलेल्या न टेकलेल्या पायावर बोट ठेवलं. दिग्विजय घड्याळ बघून म्हणाले, निघायचं ना? सलिलराव म्हणाले, तू हो पुढे, मी येत नाही. ते बर्फ आणायला स्वयंपाकघरात गेले.

मी आता स्पृहाच्या कपाटात असतो, गाजराच्या त्या जुन्या डब्याशेजारी. भिंतीवरचा खिळा तसाच आहे. हिरा कुठे आहे ते मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि ते मला रोज सलतं.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. बैल असो, कुत्रा असो, टांग्याचा घोडा असो, कुणी कधी तुम्हाला सांगेल की त्याला लागत नाही. तेव्हा वाद घालू नका. त्या माणसाला नुसता हात पुढे करायला सांगा, आणि तो हात कुठे जातो ते बघा.