दत्तारामाच्या घरची वर्गणी

“पालकीचा काय झाला ता सांगा,” तुळसा म्हणाली.

वकील योगिनीबाई तिला कोर्टाच्या व्हरांड्यात निकाल समजावून सांगत होत्या. दावा जिंकला होता. गावकीने तुळसाच्या घराला वाळीत टाकलं ते बेकायदा ठरलं. विहिरीवर, दुकानात कुणी तिला अडवायचं नाही, असा कायमचा मनाई हुकूम झाला. शिवाय मानहानी आणि मनस्तापाबद्दल गावकीने दोन लाख रुपये नुकसानभरपाई द्यायची होती.

“मावशी, पालखी कुणाच्या अंगणात न्यायची हा मानपानाचा प्रश्न. कोर्ट त्यात पडत नाही. नुकसान झालं त्याचे पैसे देता येतात. कायद्याचा हात तेवढाच पोचतो.”

“मंग देवावरच दावा लावाचा होता.”

योगिनीबाईंना हसू आलं. तुळसाला आलं नाही.

तुळसाचा नवरा दत्ताराम बोटीवर खलाशी. नोकरी संपवून गावी आला आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला. गावकीने बिनविरोध ठरवलेल्या माणसासमोर अर्ज भरणं म्हणजे आमच्याकडे खुनाच्या खालोखाल. मागे घे म्हणाले, तर हा घेईना. दुसऱ्या दिवसापासून वाडीने बोलणं टाकलं. त्या शिमग्यात घरोघर फिरणारी देवाची पालखी शेजारच्या अंगणात नाचली आणि तुळसाच्या सारवलेल्या अंगणावरून नुसता ढोलाचा आवाज गेला.

मग नवराबायकोने मिळून दावा लावला. तुळसा दरवर्षी वर्गणी घेऊन देवळात जायची, गावकी ती घ्यायची नाही आणि ती तशीच परत यायची. वर्गणी नाही त्या घराला पालखी नाही, हा नियम जुना आणि गावकीच्या सोयीचा. दावा चालू असतानाच दत्ताराम वारला. तिरडीला खांदा द्यायला सावर्ड्याहून तुळसाचे भाऊ आले. वाडीतली माणसं दारं ओढून घरात बसली. बाकी सगळं एक वेळ सोडून देता येईल, हे नाही.

निकालानंतर गावकीची बैठक बसली. पुढाऱ्यांनी स्वतःच्या खिशात हात घालायचा प्रश्नच नव्हता. नमनाचा खेळ असो की कोर्ट, खर्च निघाला की घरटी वर्गणी. तुळसाचं घर सोडायचं ना, असं कुणीतरी विचारलं. पण एक घर सोडलं की बाकीच्यांच्या वाट्याला जास्त येत होतं. वैर आपल्या जागी आणि व्यवहार आपल्या जागी. तुळसाचंही घर धरलं गेलं.

वसुलीचं काम भागोजीचं. तो तुळसाच्या अंगणात येऊन उभा राहिला.

“वर्गनी काढलीय गावकीन. घरटी.”

“कशाची?”

भागोजीने खाली बघितलं. “तुजीच. कोर्टाची.”

“म्हंजे तुमी मना देनार, त्येची वर्गनी मीच भरायची?”

“घरटी हाय. मी काय करू?”

तुळसाने तो शब्द पकडला. घरटी. म्हणजे गावकीने हे घर पुन्हा घर म्हणून धरलं होतं. भागोजीला काही सुचायच्या आत तिने आतून नोटा आणून त्याच्या हातात दिल्या. वकीलबाईंना कळलं तर कपाळावर हात मारतील, म्हणून त्यांना सांगायचंच नाही, हेही तिने तेवढ्यात ठरवून टाकलं.

“आता शिमग्याला पालकी?”

“वर्गनी दिलीस म्हंजे येनारच. त्यात इचारतेस काय?” भागोजी सवयीने बोलून गेला, आणि मग ओशाळला.

इतकं सोपं होतं. तुळसाला आनंद व्हायला हवा होता, पण तिला रागच आला.

भागोजीने पावतीपुस्तक उघडलं. वर्गणी घरधन्याच्या नावाने फाडायची, तो नसला तर मुलाच्या. तुळसाला मूलबाळ नव्हतं.

“तुजा नाव लावू?”

“दत्तारामाचा लाव.”

“अगो, पन तो तर गेला ना...”

“कोन बोलला? तुज्या खांद्यावरना गेला काय?”

भागोजीने पेनाचं टोपण काढलं. मग त्याने दत्ताराम असं लिहिलं, पावती फाडून दिली आणि न विचारता पायरीवर बसला. तुळसा चहा ठेवायला आत गेली.