मीराबाईच्या फोटोवरचा दिवा

माझ्या बायकोचा एकच धड फोटो आहे. सूत गुंडाळायच्या बॉबिनच्या मशीनजवळ उभी आहे आणि हसते आहे. सुरतेत भेस्तानच्या कापड कारखान्यात आम्ही दोघं होतो, तेव्हा एका मेकॅनिकने नवा कॅमेरा घेतला होता. त्याने काढला. बाकी फोटोंत ती कुणाच्या तरी लग्नात, मागच्या रांगेत, अर्धी झाकलेली.

मीराबाई गेली तेव्हा मी तो फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली. त्यावर छोटा दिवा बसवला. तो मी कधी बंद केला नाही.

"बाबा, दिवसा तरी बंद करा," सून नीलम म्हणायची.

"राहू दे. तिला बरं वाटत असेल."

यंदा उन्हाळ्यात पाहिलं तर तिचं लाल लुगडं पिवळट झालेलं. एका बाजूचा गाल जवळजवळ गेला होता. मला वाटलं काच मळली. पुसली. काच स्वच्छच होती.

धम्मपाल, माझा मुलगा, म्हणाला, "कामासाठी सुरतेत आलेल्या लोकांचे जुने फोटो एका संग्रहालयात घेतात. त्यांची निगाही राखतात."

शेजारचा योगेंद्र हसला. "तिथं नवाबाच्या तलवारी असतात, काशीरामभाऊ. तुमची बॉबिनवाली कुठं ठेवतील?"

"तलवारीशेजारी," मी म्हणालो. "तिची धार काही कमी नव्हती."

संग्रहालयात ज्योती नावाच्या बाई होत्या. वाढल्या सुरतेत, पण मराठी चांगलं. त्यांनी हातमोजे घालून चौकट उघडली आणि फोटो माझ्यासमोर ठेवला. कडेला चौकटीच्या लाकडाखाली झाकून राहिलेली बारीक पट्टी होती. तेवढं लुगडं लालभडक होतं.

"काका, फोटोचा रंग उजेडाने उडतो. यावर दिवा होता का?"

"होता. रात्रंदिवस."

त्यांनी काच बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "पुष्कळ घरांत असतो."

"परत लाल होईल?"

"यावर नाही. आम्ही याची प्रत काढू, तिच्यात रंग बराचसा आणता येईल. ती घरी लावा. आणि हा आमच्याकडे ठेवलात तर निदान आहे तेवढा टिकेल. थंड खोलीत, डब्यात, अंधारात."

"अंधारात?"

"मधूनमधून प्रदर्शनात काढू, मंद उजेडात. मग परत आराम."

"तिला डब्यात घालून मी घरी जाऊ?" मी म्हणालो, आणि फोटो कागदात गुंडाळून परत आणला.

दिवा लावायची हिंमत झाली नाही. फोटो उशाशी ठेवून भरदुपारी आडवा झालो. खिडकीतून ऊन सरळ डोळ्यांवर आलं. मग आठवलं. माझी कायम रात्रपाळी. सकाळी येऊन पडलो की मीराबाई खिडकीवर गोधडी टांगायची, गल्लीतल्या पोरांना दटावायची आणि मला म्हणायची, "झोपा तुम्ही. येळ झाली का उठवीन मी." त्या अंधाराच्या जोरावर मी सगळा जन्म कारखान्यात काढला. मला कधी वाटलं नाही की तिने मला डब्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी फोटो देऊन आलो.

"नाव काय लिहायचं? बॉबिन कामगार लिहू?" ज्योतीबाईंनी विचारलं.

"मीराबाई काशीराम वानखडे. बॉबिन भरायची, हे त्याखाली."

थंडीत प्रदर्शन लागलं. योगेंद्रला नेलं. दारातच तो म्हणाला, "लाइट गेली का?"

"नाही. तिच्यासाठी कमी ठेवली."

तो फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. "वहिनी हसतात की हो," म्हणाला. आमच्या मागे सुरतेतल्याच इच्छापोर भागातल्या कंपनीत काम करणाऱ्या दोन पोरी होत्या, गळ्यात ओळखपत्रं. एकीने नाव मोठ्याने वाचलं.

"माझी आईपण बॉबिन भरायची," ती मला म्हणाली. "तिचा एक फोटो आहे घरी. घेतील का हे?"

"घेतील," मी म्हणालो. "पण आधी त्याच्यावरचा दिवा काढ."

प्रदर्शन संपल्यावर ज्योतीबाईंनी मुद्दाम फोन केला. मी गेलो. त्यांनी फोटो पातळ कागदात घातला, कागद डब्यात ठेवला.

"झाकण मी लावू?"

"लावा ना, काका."

शेवटचं पाहिलं. गाल गेला होता तेवढाच गेला होता, हसू होतं.

"झोप तू," मी म्हणालो. "येळ झाली का उठवीन मी."

झाकण लावलं.

"काही म्हणालात?" ज्योतीबाईंनी विचारलं.

"पुढच्या खेपेला कधी काढणार, ते सांगा."