सेन्सर म्हातारा झाला

टीव्हीवाला त्याच घरी तिसऱ्यांदा आला होता. लोकांच्या घरातल्या मोठ्या पडद्यांचे रंग नेमके लावून देणं हा त्याचा धंदा. दार उघडणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी त्याचा चेहरा पाहून आधी पाणी आणलं.

"राग मानू नका, पण पडद्यावरच्या सगळ्या माणसांना कावीळ झालेली दिसते. जन्म काढलाय मी वॉर्डात."

त्याने पडद्यावर रंग मोजणारा सेन्सर टेकवला. लॅपटॉपवर आकडे चोख आले. "यंत्र म्हणतंय, पांढरा रंग पांढराच आहे."

"मग यंत्रालाच तपासा की."

बोलणं जिव्हारी लागलं, कारण सेन्सर सात वर्षांचा होता. आतल्या रंग गाळणाऱ्या काचा वयाने खराब होतात हे माहीत असूनही त्याने काणाडोळा केला होता.

त्याने दोन स्वस्त सेन्सर परत करायच्या बोलीवर मागवले. छापखाना चालवणारा मेव्हणा रविवारी रंग मोजायचं आपलं महागडं यंत्र घेऊन त्याच्या घरी आला. भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून दोघं टीव्हीसमोर बसले. महागडं यंत्र रंग अचूक सांगे, पण अंधारं दृश्य आलं की अडखळे. पहिला स्वस्त सेन्सर दर वेळी वेगळाच आकडा दाखवी. दुसरा लाल रंग जरा जास्त सांगे, पण दहा वेळा मोजलं तरी तेवढाच.

"भाऊजी, हा घ्या," मेव्हणा म्हणाला. "खोटं बोलतो, पण रोज तेच खोटं. माझ्या यंत्राशी ताडून तेवढं वजा केलं की झालं. अंधारातही डगमगत नाही."

मग जुना सेन्सर लावला. त्याचे आकडे पार भरकटले होते. टीव्हीवाला कपाळाला हात लावून बसला.

"गेल्या वर्षभरात किती घरं केलीस?" बायकोने आतून विचारलं.

"एकोणीस."

दुसऱ्या दिवशी त्याने नर्सबाईंचा टीव्ही नव्या सेन्सरने लावला. त्या चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या. "आता बरी झाली माणसं," म्हणाल्या.

बाहेर जिन्यात बसूनच त्याने उरलेल्या घरांना फोन लावायला घेतले. पाय दुखत होते. पहिल्याच गृहस्थाने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, पण आम्हाला सवय झाली आता. राहू दे ना तसंच."

"फुकट करतो, साहेब. चूक माझी आहे."

"बरं, या मग गुरुवारी. पण उशीर करू नका."

'हो' म्हणून त्याने पुढचा नंबर फिरवला.