पहिल्या बेसवर पाय पडला नाही

चर्चच्या मंडळीनं निवृत्तीच्या दिवशी ऑरिन लिंडक्विस्टला घड्याळ दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मिनेसोटातल्या त्या लहानशा लूथरन चर्चची माणसं हट्टी. आपल्या या पाळकाला, म्हणजे धर्मगुरूला, कार्यालयाचं दार लावून रेडिओवर बेसबॉल ऐकताना त्यांनी कित्येकदा पकडलं होतं. म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला जानेवारीत फ्लोरिडाच्या हौशी बेसबॉल शिबिरात धाडलं. सात दिवस, पाठीवर स्वतःचं नाव असलेला गणवेश, शिकवायला एके काळचे नावाजलेले खेळाडू, आणि खेळायला गुडघ्यांना पट्टे बांधलेले दंतवैद्य, विमा एजंट आणि नातवंडांचे आजोबा. त्याची बायको, मारित, जिवंत असती तर तो गणवेश बघून तिची हसून मुरकुंडी वळली असती. मारितला जाऊन अकरा महिने झाले होते.

या अकरा महिन्यांत ऑरिननं स्वतःची अशी एकही प्रार्थना केली नव्हती. चर्चमध्ये केल्या, त्या पुस्तकातल्या, मंडळीला वाचून दाखवायच्या. मारित दवाखान्यात होती तेव्हा त्यानं रात्रंदिवस एकच मागणं मागितलं, आणि ती गेली. अंत्यविधीला त्यानंच उभं राहून देवाच्या इच्छेबद्दल चार गोड शब्द सांगितले आणि त्या दिवसापासून वर बोलणं टाकलं. भांडला नाही, जाब विचारला नाही. पाळकानं देवाशी भांडणं बरं दिसत नाही, असं त्याचं मत. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी अबोला धरावा तसा त्यानं धरला होता, आणि कोणाला पत्ताही लागू दिला नव्हता. शिबिराच्या अर्जावरसुद्धा नुसतं 'निवृत्त' लिहिलं होतं.

बिंग तिसऱ्या दिवशी फुटलं. सगळे हॉट डॉगवर तुटून पडले असताना याची मान सवयीनं खाली गेली आणि हात जुळले. मनात काही नव्हतं, पण हातांना कोण सांगणार? त्याच्या टीममधल्या ड्यूई कोलबेकनं ते बरोबर हेरलं. ड्यूई आयोवाचा प्लंबर, सत्तरीचा, तोंडात सदानकदा सूर्यफुलाच्या बिया. हृदयाची झडप खराब, डॉक्टरांनी पळायला सक्त मनाई केलेली. म्हणून तो नुसता बॅटिंग करी आणि त्याच्या वतीनं दुसरा कोणी पळे. शिबिरात म्हाताऱ्यांना तेवढी सवलत होती. त्या दिवसापासून त्यानं ऑरिनला 'पाळकसाहेब' म्हणायला सुरुवात केली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं शिबिर म्हणायला लागलं.

शुक्रवारी दुपारी दोघं बर्फाच्या पाण्यात पाय सोडून बसले होते.

"सोमवारी माझी छाती उघडणारेत," ड्यूई म्हणाला. "बायकोला सांगितलंय, किरकोळ आहे. किरकोळ नाहीये. पाळकसाहेब, माझं वर फारसं येणं-जाणं नाही. तुझं आहे. माझ्यासाठी एक शब्द टाकशील?"

"टाकतो की," ऑरिन म्हणाला.

इतकं सहज खोटं तो जन्मात बोलला नव्हता. खोलीवर जाऊन त्यानं पलंगाशी गुडघे टेकले खरे, पण तोंडातून अक्षर फुटेना. गुडघे फार दुखताहेत अशी स्वतःची समजूत घालून तो उठला. शनिवारी शेवटचा सामना होता आणि सामना संपला की ड्यूई विमानतळावर जाणार होता. काय करायचं ते तेवढ्यात करायला हवं होतं.

सामना शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत चालला. ऑरिन बॅट घेऊन उभा राहिला तेव्हा त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. आठवडाभरात त्याचा एकही चेंडू दूर गेला नव्हता. हा मात्र गेला. उजवीकडच्या दोन खेळाडूंच्या मधून थेट कुंपणापर्यंत. ऑरिन पळत सुटला, आणि पळता पळता आपल्याच चेंडूकडे बघत राहिला. दहा वर्षांच्या पोरालाही पहिल्या दिवशी शिकवतात, चेंडूकडे बघू नकोस, बेसकडे बघ, एकाही बेसला पाय लागायचा राहिला तर तू बाद. पहिल्या बेसची पांढरी गादी त्याच्या पायाखालून वीतभर बाजूनं निघून गेली. कळलं तेव्हा तो दुसऱ्या बेसवर उभा होता आणि अख्खी टीम टोप्या उडवत होती.

पहिल्या बेसवरचा दंतवैद्यही चेंडूकडेच बघत होता, त्यामुळे त्याला काही दिसलं नाही. म्हातारा अंपायर टॉलिव्हर मात्र आधी त्या गादीकडे बघत होता, मग ऑरिनकडे. बोलला काहीच नाही. नंतर ड्यूईची पाळी आली. त्यानं जागेवर उभं राहून चेंडू तडकावला, त्याच्या वतीनं एक विमा एजंट लंगडत धावला, आणि ऑरिन घरच्या बेसवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, परत पोचला. टीम जिंकली.

ड्यूईनं धापा टाकत त्याला मिठी मारली. "तू शब्द टाकलास ना, त्याचा हा गुण," तो म्हणाला. "आता सोमवारची मला भीती नाही."

ऑरिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ड्यूई सामान आणायला गेला तसा तो टॉलिव्हरकडे गेला. टॉलिव्हर लहानशा ब्रशनं घरच्या बेसवरची माती झाडत होता. सामना संपला होता, तरी झाडत होता.

"तुम्ही पाहिलंत," ऑरिन म्हणाला.

"पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही. समोरच्या टीमनं विचारल्याशिवाय मी तोंड उघडायचं नाही, असा नियमच आहे. लोकांना वाटतं, गप्प आहे म्हणजे झोपलाय. मला सगळं दिसतं बाबा, फक्त विचारावं लागतं."

ऑरिननं विचारलं, "आणि कोणी रागानं विचारलं तर?"

"रागानंच विचारतात. चाळीस वर्षांत मला कोणी लाडानं विचारलेलं आठवत नाही." टॉलिव्हर कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "आणि प्रत्येकाला हवं ते उत्तर मिळतं असंही नाही, बरं का."

"पण पुढचा चेंडू टाकला की विचारायची मुदत संपते."

"आमच्यात संपते. तुमच्या धंद्यात संपते का, पाळकसाहेब?"

  आपण मारितसाठी भीक मागितली, आणि ती गेल्यावर साधं 'का' म्हणून विचारलं नाही, हे ऑरिनला पहिल्यांदाच नीट दिसलं. ते गप्प राहणं त्याला शहाणपणाचं वाटत होतं. तो निव्वळ रुसवा होता.

ड्यूई फाटकाशी बॅग घेऊन उभा होता, गाडीची वाट बघत.

"मी प्रार्थना केली नव्हती," ऑरिन म्हणाला. "तुझ्याशी खोटं बोललो. माझी बायको गेल्यापासून मी केलेलीच नाही. त्या बेसवरही माझा पाय पडला नव्हता."

ड्यूईनं तोंडातल्या बिया थुंकल्या. चेहरा उतरला होता त्याचा, ते लपवणं त्याला जमलं नाही. "बेसचं राहू दे," तो शेवटी म्हणाला. "गाडीला अजून पाच मिनिटं आहेत."

त्यानं टोपी काढली. ऑरिननंही काढली आणि ड्यूईचा जाडाभरडा हात धरला. कुठून सुरू करावं ते त्याला कळेना, आणि मग आपोआप सुरू झालं.

"तिला का नेलंस?" तो म्हणाला. "मी इतकं मागितलं. तू होतास तिथे, तुला दिसत होतं. मग का नेलंस, ते सांग मला." आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या हसण्याबद्दल, रिकाम्या स्वयंपाकघराबद्दल, अंत्यविधीला आपण बोललेल्या गोड शब्दांबद्दल, सगळं त्यानं बोलून घेतलं. गाडी येऊन थांबली. ड्यूईनं चालकाला हातानं थांबायची खूण केली.

ऑरिन दम घ्यायला थांबला तेव्हा ड्यूई हळूच म्हणाला, "आता माझं विचार."

ऑरिननं त्याचा हात आणखी घट्ट धरला, आणि विचारलं.