दहा पावलांवरून

मित्रांनो, जवळ येण्याआधी दहा पावलं मोजा. चांगली मोठी, ढांगा टाकत. तिथेच थांबा आणि तिथूनच ऐका. मी एक जुना जनरेटर आहे. पेट्रोल पितो आणि वीज देतो. अंगावरचा लाल रंग आता पोपडे धरून निघतो, चाक एक मोडकं आहे, ओढून सुरू करायची दोरी तीनदा बदलून झाली. पण हे अंतर मी म्हातारपणाच्या मानापोटी मागत नाही. माझ्या श्वासाने एकदा एक अपराध केला आहे. तो सांगितल्याशिवाय मला तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायचा हक्कच नाही.

कारखान्यात मी जन्मलो तेव्हा माझ्या पोटात एक लहानसं इंजिन बसवलं, आणि त्याच्या शेजारी तांब्याच्या तारेचं गच्च वेटोळं. इंजिनाने राबायचं आणि वेटोळ्याने वीज वाढायची, असा आमचा संसार. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला सकाळपासून दुपारपर्यंत अखंड चालवलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हा गडी काही बंद पडायचा नाही." ती माझी पहिली शाबासकी. पुढे हीच शाबासकी मला किती बोचणार होती, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

मग दुकान आलं. काचेमागे आम्ही दोघं शेजारी उभे असायचो. मी लाल, उघड्या अंगाचा आणि दणकट. माझ्या बाजूला एक राखाडी डबाबंद भाऊ, किमतीने भारी, आवाजाने मवाळ. गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहून हळहळायचं आणि माझ्याकडे पाहून विचार करायचं.

एके दिवशी एक जोडपं आलं. तो बुकबाइंडर होता, म्हणून मी त्याला बाइंडर म्हणतो. बोटांना सरस लागलेला, बोलणं थोडकं. ती त्याची बायको. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, तर मीही वहिनीच म्हणतो. तिने पुठ्ठ्याच्या एका कातरणावर घरची यादी लिहून आणली होती. बाइंडरची मोठी बहीण, आक्का, त्यांच्याकडेच राहायची. तिला साखरेचा आजार होता आणि तिच्या इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजमध्ये असायच्या. वीज गेली की फ्रिज बंद, आणि फ्रिज बंद की घरातल्यांचा जीव टांगणीला. यादीत सगळ्यात वर म्हणूनच फ्रिज होता. खाली दोन दिवे, आक्काचा पंखा आणि पाण्याची मोटर.

दुकानदार जाणता माणूस होता. त्याने यादीशेजारी आकडे मांडले आणि समजावलं, "वहिनी, फ्रिज चालू असताना मांजर असतो, पण सुरू होताना वाघ. त्या एका क्षणाला तिप्पट वीज मागतो. मोटरचंही तेच. दोन्ही एकदम लावू नका, म्हणजे हा लाल तुम्हाला पुरून उरेल."

"आवाज किती करतो?" वहिनीने विचारलं.

दुकानदाराने मला फुटपाथवर नेलं आणि दोरी ओढली. मित्रांनो, त्या वेळी माझ्यावर कसलाच भार नव्हता, साधा दिवासुद्धा नाही. मी गुरगुरलो फक्त. रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती, तिच्यात माझा आवाज विरून गेला. "एवढाच होय!" बाइंडर म्हणाला. भार पडला की माझा आवाज दुप्पट होतो, हे मला माहीत होतं. पण मला निवडून घ्यायचं होतं. मुलगी बघायला आलेल्यांसमोर दंगेखोर भाऊ कसा साळसूद बसतो, तसा मी वागलो.

पावती करता करता दुकानदाराने शेवटचं विचारलं, "कुठे ठेवणार?"

"बघू," बाइंडर म्हणाला.

यादीत सगळं होतं, मित्रांनो. फक्त या प्रश्नाचं उत्तर तेवढं नव्हतं.

घरी पोचलो तर आक्का दारातच खुर्ची टाकून बसलेली. तिला दिसेल त्या गोष्टीवर कडवं रचायची खोड होती. माझा लाल पत्रा बघितला, पेट्रोलचा कॅन बघितला आणि ती लगेच गुणगुणली,

*लाल अंगरखा, पाहुणा बैसला*
*प्याला हाती आला, गाऊ लागे.*

सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो. दोन वर्षं मी त्या घरात मानाने राहिलो. वीज गेली की मला मागच्या अंगणात काढायचे, आणि मी घसा फोडून गायचो. फ्रिज थंड राहायचा. आक्का शेजारणीला अभिमानाने सांगायची, "आमचा लाल्या तापट आहे, पण दगा देत नाही."

भिंतीला लागून असलेल्या घरात एक नर्स राहायची. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. रात्रपाळी करून ती सकाळी यायची आणि दिवसा झोपायची. तिची झोपायची खोली आणि माझं अंगण यांच्यात एक कुंपण तेवढं होतं.

मग ते वादळ आलं. विजेचे खांब काडीसारखे मोडले. एक दिवस गेला, दुसरा गेला, वीज काही येईना. मी दिवसभर अंगणात गरजत होतो. सिस्टर एका शब्दाने बोलली नाही. पण वहिनीने तिसऱ्या सकाळी तिला कामावरून परतताना पाहिलं. डोळे लाल, कानात कापसाचे बोळे.

"अहो, ती पोर दोन दिवस झोपलेली नाही," वहिनी म्हणाली. "आपल्या फ्रिजपायी तिने का जागायचं? रात्रभर दुसऱ्यांची आजारपणं काढते ती."

"मग काय करू? बंद करू? आक्काचं औषध?"

"बंद नको. आत घेऊ. कागदाच्या खोलीत."

कागदाची खोली म्हणजे घराच्या मागच्या टोकाची एक चिंचोळी जागा. एका बाजूला अंगणाचं दार, दुसऱ्या बाजूला आक्काची खोली. चारी भिंतींना कागदाचे गठ्ठे. आवाज पिऊन टाकायला याहून चांगलं काय! त्यांनी मला उचलून आत ठेवलं. खिडकी वीतभर उघडी ठेवली, धूर जाईल म्हणून. आक्काच्या खोलीकडच्या दाराच्या फटीत जुनं गोधडं कोंबलं, आवाज येऊ नये म्हणून. त्या दारावर, अगदी छताशी, एक उघडा झरोका होता. तो रोजचाच. रोजच्या गोष्टीकडे कोण बघतं?

बघा मित्रांनो, यात कुणाचं वाईट मन होतं का? एक शेजारीण झोपावी म्हणून केलेली ही माया होती. त्यांनी तिला नुसतं विचारलं असतं तरी पुरे होतं. पण मायेला विचारायची लाज वाटते कधीकधी.

बाइंडर शाळेच्या वह्या पोचवायला गेला. वहिनी आक्काजवळ बसून वहीची पानं शिवू लागली. मी माझं काम करू लागलो.

आता ऐका माझं पाप. माझ्या धुरात एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो, पण त्या घराला सरसाच्या उग्र दर्पाची इतकी सवय होती की नाकं कशाचीच दखल घेईनात. शिवाय मला जळायला हवा लागते. कोंडलेल्या खोलीत ती कमी पडू लागली, आणि अर्धवट जळलेला माझा श्वास आणखीच विषारी होत गेला. वीतभर खिडकीतून थोडा बाहेर गेला. बाकीचा झरोक्यातून पलीकडे उतरला. पाय न वाजवता.

"डोकं जड झालंय गं," आक्का म्हणाली.

"साखर उतरली असेल," वहिनी म्हणाली. त्या घरात डोकं दुखो की चक्कर येवो, बोट आधी साखरेकडेच जायचं. तिने आक्काच्या तोंडात चमचाभर साखर घातली. "पडा जरा."

आक्का पडली. वहिनी पुन्हा शिवू लागली. पण सुई भोकात जाईना. टाका इकडे पडायचा, तिकडे पडायचा. वीस वर्षांत जिचा एक टाका वाकडा गेला नव्हता, ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "आक्का," तिने हाक मारली. आक्काने ओ दिली नाही.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. मला बंद पडायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून बंद पडायला पाहत होतो. पण यंत्राला स्वतःचा हात नसतो. टाकीत पेट्रोल होतं, तेल नवं होतं, आणि मी न अडखळता चालत राहिलो. कारखान्यातल्या त्या बाईंनी म्हटलंच होतं, हा गडी काही बंद पडायचा नाही.

पलीकडच्या घरात सिस्टर दोन दिवसांनी गाढ झोपली असेल, असं तुम्हाला वाटेल. ती झोपली नव्हती. ती पुढे सांगायची, "आवाज थांबला असता तर मी झोपले असते. पण तो थांबला नाही, दबला. भिंतीच्या पोटातून आल्यासारखा यायला लागला. आणि मी ताडकन उठून बसले. म्हटलं, यांनी आत घेतला!" अशी गुदमरलेली माणसं तिने दवाखान्यात पाहिली होती. काही उशिरा आणलेली.

ती अनवाणी धावली. पुढच्या दारावर थापा मारल्या, आतून उत्तर नाही. कुंपणाची तार वाकवून अंगणात शिरली, श्वास रोखून कागदाच्या खोलीचं दार लोटलं आणि माझं बटण दाबलं. तिच्या बोटाचा तो फटका मला आजही आठवतो. माझ्या पत्र्यावर पडलेला तो सगळ्यात मोठा उपकार. दार सताड उघडं ठेवून तिने गोधडं लाथेने उडवलं आणि आक्काच्या खोलीचं दार उघडलं. वहिनी उंबरठ्याशी रांगत होती. तिला काखेत धरून बाहेर काढलं. मग परत आत गेली आणि आक्काला अंथरुणासकट ओढत अंगणात आणलं. अंथरुणामागून साखरेचा चमचा खणखणत आला.

बाइंडर परतला तेव्हा अंगणात दोन बायका निजलेल्या, आणि तिसरी त्यांच्यापाशी गुडघ्यांवर बसून दवाखान्याच्या गाडीसाठी ओरडत होती.

दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला. वहिनी दुसऱ्या दिवशी घरी आली. आक्काला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मला कुणी हात लावला नाही. वीज परत आली होती. मी अंगणात थंड पडून होतो. बाइंडर येता-जाता माझ्याकडे बघायचा आणि मान वळवायचा. मला वाटायचं, घण आणावा आणि घालावा माझ्या डोक्यात. एकदा तो कुंपणाशी उभा राहून सिस्टरला म्हणाला, "तुमची झोप मोडू नये म्हणून आम्ही..."

"दादा, झोप मोडली तर मी दुसऱ्या दिवशी झोपेन," ती म्हणाली. "मला विचारायचंत तरी!"

आक्का घरी आली ती काठी टेकत. आवाज खोल गेलेला, जीभ मात्र जागेवर. भावाचा पडलेला चेहरा बघून म्हणाली, "बाळ्या, सुतकी तोंड करू नकोस. मी गेलेली नाही, आणि जाईन तेव्हा तुला आधी सांगून जाईन." मग काठी माझ्याकडे रोखून म्हणाली, "आणि याला फेकायचं नाही. हा ओरडतोय तो काय, आपल्या सगळ्यांना सांगतोच आहे की मला बाहेर ठेवा म्हणून. आपणच त्याचं तोंड दाबलं." तिथेच, खुर्चीत टेकायच्या आत, तिने कडवं रचलं,

*अंगणी ओरडे, ओरडू दे त्याला*
*घरात कोंडिला, काळ होई.*

बाइंडरने घरापासून मोठी दहा पावलं मोजली. तिथे चार खांब रोवून वर पत्रा टाकला, चारी बाजू उघड्या. माझ्या धुराचं तोंड मोकळ्या माळाकडे वळवलं. ही जागा सिस्टरच्या खिडकीपासूनही दहा पावलं लांब होती, पण माझा आवाज आता सरळ तिकडेच जाणार होता. आधी तिच्याकडे जाऊन त्याने विचारलं. ती म्हणाली, "ठेवा. आवाज ऐकू आला की मला कळेल, सगळे बरे आहेत." त्यानंतर वीज गेली की ती माझ्या गर्जनेतच झोपायची. वाकड्या टाक्यांची ती वही वहिनीने कुणाला विकली नाही. आजही ती खिळ्याला टांगलेली आहे.

आक्का पुढे सात वर्षं जगली. म्हातारी होऊन, आपल्या अंथरुणात, स्वच्छ हवेत गेली. मला तेवढीच क्षमा मिळाली, आणि मी तेवढीच मागितली होती.

आता घरात फ्रिज नवा आहे, आणि वीज साठवणारी बॅटरीही आली आहे. गेल्या आठवड्यात एक तरुण जोडपं मला विकत घ्यायला आलं. त्यांनी दोरी ओढून पाहिली. मी पहिल्याच झटक्याला सुरू झालो. या खेपेला मी साळसूदपणा केला नाही. वहिनीने दोन दिवे आणि मोटर लावली होती, आणि मी होतो तसा गरजलो. तरी त्यांना मी पसंत पडलो.

केस पिकलेल्या वहिनीने मग विचारलं, "कुठे ठेवणार?"

"गॅलरीत," मुलगा म्हणाला. "खिडकी ठेवू की उघडी!"

वहिनीने माझं बटण दाबलं. खिळ्यावरची वही काढून त्या मुलीच्या हातात दिली, वाकडे टाके दाखवले आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "जागा करा, दहा पावलांवर. मग या. तोवर हा इथेच राहील."

मित्रांनो, मला निवडायला याल तेव्हा किती दिवे चालतील हे विचारा, फ्रिजचा वाघ पेलेल का हेही विचारा, भार टाकून माझा खरा आवाज ऐका. पण मला उचलण्याआधी ती जागा बघून ठेवा. आणि आवाजाची अडचण वाटली तर मला आत घेऊ नका, शेजारच्या दारावर जाऊन विचारा.

काल ते जोडपं पुन्हा आलं होतं. मुलीच्या हातात मोजायची दोरी होती, आणि तिला दहा गाठी मारलेल्या होत्या.