हुमाने निवडलेला नवरदेव

बस रे, चहा घे. एक गोष्ट सांगतो, याच चौकातली. शेवटी एक काम सांगेन, ते मात्र करायचं हां.

तेव्हा दर शुक्रवारी इथे मुंगीला शिरायला जागा नसायची. वक्कास एफेंदी नावाचा एक झगेवाला आमच्या या उर्फा शहरात उतरलेला. टोपलीतून केशरी पाखरू सोडायचा आणि ओरडायचा, "हुमा! काफ डोंगरावरची हुमा! ज्याच्या डोक्यावर बसेल त्याचं नशीब फळफळेल! दुकान चालेल, पोरं होतील, गुडघासुद्धा दुखायचा थांबेल!"

दोन शुक्रवार पाखरू बसलं ते जब्बारच्याच टोपीवर. जब्बार कातड्याचा व्यापारी, पन्नाशीचा, दोन बायका पुरलेला. माझ्या भाचीला, निगारला, त्याने दोनदा मागणी घातली होती. दोनदा ती नाही म्हणाली. तिला शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. पण तिचा बाप, माझा मेहुणा बेकीर, पडला भोळा. एफेंदीने कान भरले, आणि हा भर चौकात भाकरीवर हात ठेवून बोलून बसला, "पुढच्या शुक्रवारी हुमा ज्याच्या डोक्यावर बसेल, त्याला निगार दिली!"

भाकरीवरची शपथ. आता मागे फिरतो कसला? पोरीला वरच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी.

मी तर पाखरू बघताक्षणी ओळखलं होतं. डाव्या पायाचं बोट वाकडं. माझंच कबूतर ते, लिलावात विकलेलं! मेंदीने रंगवलं, शेपटीला मोरपीस बांधलं, झाली हुमा! मी एफेंदीला टोकलं, "आजीच्या गोष्टीतल्या हुमाला पायच नसतात, ती कुठे बसतच नाही. हिला कुठून फुटले?"

"पाय श्रद्धावानालाच दिसतात," म्हणाला. आणि लोकांनी माना डोलावल्या!

बेकीरला सांगितलं, तर तो फिस्कारला, "रसूल, तू कबुतरबाज. कबुतरबाजाची साक्ष काझीसुद्धा घेत नसे."

आमच्याकडे आहेच तसं. कबुतरं उडवणाऱ्याचा शब्द कोणी धरत नाही. पोरगी कडीत, बाप शपथेत, आणि मी माझ्याच छंदात अडकलेला.

गुरुवारी तिच्या चौकाकडच्या खिडकीखाली गेलो. तिने गज धरले होते.

"मामा, उद्या ते पाखरू बसलं की मी संपले."

"माझं कोण ऐकतंय, पोरी?"

"तुझं नकोच. जब्बारचं डोकं एकीकडे आणि टोपी दुसरीकडे केली, तर पाखरू कुठे जाईल?"

जन्मभर कबुतरं पाळली, आणि हे मला सुचू नये!

शुक्रवारी नमाजाआधी वजूला हातपाय धुताना जब्बारने टोपी खुंटीला अडकवली. मी हळूच उचलली. अस्तर जाड लागलं. चौकात माझं गाढव उभं होतं, त्याच्या दोन कानांमध्ये टोपी घट्ट बांधली.

नमाज सुटला. जब्बार डोक्याला रुमाल गुंडाळून "माझी टोपी! माझी टोपी!" करतोय, तोवर एफेंदीने टोपली उघडलीसुद्धा. पाखराने एक गिरकी घेतली. जब्बारकडे ढुंकूनही बघितलं नाही. उतरलं ते थेट गाढवाच्या टाळक्यावर!

आणि वरून गजांमधून आवाज आला, "बाबा! शपथ पाळा! जावयाला वैरण घाला!"

काय हसले लोक! बेकीर तेवढा हसला नाही. त्याने जब्बारची टोपी सोडवली, अस्तर हाताला जाड लागलं, तसं ते टराटरा फाडलं. भांगेच्या बिया खळाखळा खाली. कबुतरं जीव टाकतात त्या बियांवर. दोन-दोन दिवस उपाशी ठेवायचं, चारायचं ते फक्त याच टोपीतून. एवढीच हुमा! एफेंदी टोपली टाकून पळाला, जब्बार त्याच्या मागे.

बेकीर जिना चढला आणि स्वतःच्या हाताने कडी काढली. म्हणाला, "पोरी, मी भाकरीला हात लावण्याआधी टोपीला लावायला हवा होता."

आज निगार तुमच्या गावच्या शाळेत शिकवते ना, तीच ही.

आता तुझं काम. ती बघ खुंटीवर टोपी. ऊठ, तुझ्या हाताने फाटकं अस्तर उलटं करून बघ. मी सांगतो म्हणून मानू नकोस, मी कबुतरबाज आहे. आणि उद्या कोणी तुला चमत्कार दाखवला, तर मान डोलावण्याआधी एवढंच कर बाबा: आधी टोपी माग.